शोभेचा ब्रेक

तोळेसाहेबांच्या ट्रकला ब्रेक नव्हते, असं कोणी समजू नये. ब्रेक होते, चारही चाकांना होते आणि ते लागायचेही. त्यांच्या बायकोचं, म्हणजे कॉलनीच्या काकूंचं, म्हणणं एवढंच होतं की ते फार लागतात. घाटाच्या वरच्या टोकाला तोळेसाहेबांचा पाय जो ब्रेकवर पडायचा, तो खाली बाजार येईपर्यंत उठायचा नाही. मग सहाव्या वळणाच्या आसपास जळका वास सुटायचा आणि तोळेसाहेब 'कुणीतरी कचरा पेटवलाय' असं म्हणून काच वर करायचे.

एका मंगळवारी मात्र सातव्या वळणावर पाय खालपर्यंत गेला तरी ट्रक जेमतेम हळू झाला, आणि मागच्या चाकांतून धूर निघाला. तोळेसाहेबांनी हँडब्रेक ओढून ट्रक कसाबसा डोंगराच्या कडेला टेकवला. काकूंनी दार उघडलं, मागून शेवंतीची एक कुंडी काढून कडेवर घेतली आणि पुढच्या वळणावरच्या बसथांब्याकडे चालू लागल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "ज्या दिवशी हा ट्रक वरून खालपर्यंत तुमचा पाय ब्रेकला न लागता उतरेल, त्या दिवशी मी यात बसेन. तोवर माझी मी बसने जाईन."

काकूंच्या तोंडून निघालेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे तोळेसाहेबांना चौतीस वर्षांच्या संसारात नीट कळलेलं होतं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं की तोळेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांची बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात गेली. दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे आणि खोटी वजनं जप्त करायची, हे काम. तिथून निवृत्त झाले तरी भाजीवालीचा काटा हलायचा थांबेपर्यंत ते पिशवी पुढे करत नसत, म्हणून कॉलनीने हे नाव दिलं. पोस्टमनलाही तेच नाव ठाऊक होतं. ट्रक खात्याचाच. मोठमोठी प्रमाणित वजनं भरून गावोगावचे वजनकाटे तपासायला तो फिरायचा. साहेब निवृत्त झाले त्याच वर्षी खात्याने तो लिलावात काढला आणि साहेबांनी तो, आपल्याच खात्यातला म्हातारा सहकारी घरी आणावा, तसा घरी आणला. डिझेलवर चालणारा, छोटेखानी आणि गिअर आपोआप पडणारा. ट्रकला ऑटोमॅटिक गिअर कोणत्या खरेदी समितीने कोणत्या बैठकीत मंजूर केले, हे कोडं खात्यातही कुणाला सुटलेलं नव्हतं.

आता त्या ट्रकमधून काकूंच्या कुंड्या जात. घरामागच्या उतारावर काकूंनी चारशे रोपं वाढवली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती खालच्या शहरात दुकानांना आणि कचेऱ्यांना पोचवायची. काकू रोपांचं बघत, गिऱ्हाइकांशी बोलत. वाटेत बोलायचं काम तोळेसाहेबांचं. वर इंजिन सुरू झालं की त्यांचं तोंड सुरू व्हायचं. बत्तीस वर्षांत जप्त केलेल्या एकूणएक काट्याची त्यांच्याकडे गोष्ट होती.

आणि आता शेजारची जागा रिकामी झाली. पहिल्या शुक्रवारी त्यांनी सवयीने "तुला सांगतो" अशी सुरुवात केली आणि दुसऱ्या वळणापर्यंत बोलत राहिले. मग लक्षात आलं की कुंड्या हुंकार देत नाहीत. पाचव्या वळणावर मागून बस आली आणि त्यांना मागे टाकून पुढे गेली. खिडकीशी काकू बसल्या होत्या, मांडीवर चार कुंड्यांची पेटी, नजर समोर. बसच्या ड्रायव्हरने मान हलवून नमस्कार केला. तो त्याने सभ्यपणानेच केला असणार, पण तोळेसाहेबांना तो झोंबला. खरं सांगायचं तर त्यांना त्या केबिनमध्ये फार एकटं वाटत होतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण असं काही सांगायचं ते काकूंनाच.

"त्या बसला काय छान ब्रेक आहे," त्या संध्याकाळी काकू म्हणाल्या. "उतार लागला की घुर्रर असा आवाज येतो आणि बस आपली आपण हळू होते. ड्रायव्हर नुसता बसलेला असतो. पाय मोकळा."

तोळेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "त्याला एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात," ते म्हणाले, जणू हा शब्द ते लहानपणापासून वापरत होते. खरं तर तो त्यांनी दुपारी बाजाराच्या फाटकाशी उभं राहून त्याच ड्रायव्हरकडून तीनदा म्हणून घेतला होता.

गोष्ट तशी सोपी होती. इंजिनाचा धूर ज्या पाइपातून बाहेर जातो, त्या पाइपात एक झडप बसवायची. उतारावर ती मिटली की धूर कोंडतो, इंजिनाचा श्वास अडतो आणि ते चाकांना मागे ओढतं. चाकांचे ब्रेक थंड राहतात आणि पाय मोकळा राहतो. तोळेसाहेबांनी हे एका कागदावर आकृतीसह काढलं आणि कॉलनीत ज्याने विचारलं त्याला दाखवलं. ज्याने नाही विचारलं त्यालाही दाखवलं.

दुसऱ्या दिवसापर्यंत कॉलनीभर झालं की तोळेसाहेब एक्झॉस्ट फॅन बसवतायत. समोरच्या बाईंनी काकूंना विचारलं की तुमच्याकडे तळणाचा इतका धूर होतो का. शेजारचे वकील, जे फीशिवाय सल्ला देत नाहीत असा लौकिक असूनही कॉलनीत सल्ल्याशिवाय कुणाला सोडत नसत, त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे पुढे जायचंय ट्रकला, आणि नाक तुम्ही दाबणार," ते म्हणाले. "गुदमरला तर जबाबदार कोण?"

"गुदमरणार नाही. थोडा दम लागेल."

"दम लागल्याची नोंद ठेवा," वकील म्हणाले आणि घरात गेले.

झडप पाठवली मेहुण्याने. काकूंचा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा. माणूस कामाचा, दोष एकच. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचं पार्सल बांधून झालेलं असायचं. "भाऊजी, पोचलं समजा," हे त्याचं फोनवरचं पहिलं आणि शेवटचं वाक्य.

ती बसवायला मेकॅनिक आला. या मेकॅनिकचा चेहरा कॉलनीत फारसा कुणी पाहिलेला नव्हता. तो पहाटे यायचा, गाडीखाली शिरायचा, आणि लोक दिवसभर त्याच्या बुटांशी बोलायचे. बुटांनीच तो उत्तरंही द्यायचा. हो असलं की उजवा बूट हलायचा. दीड दिवस पाइप कापून, सांधून, तारा ओढून झाल्यावर त्याने बाहेर सरकून पाठमोरं राहूनच सांगितलं, "साहेब, बटण दाबा, एक चक्कर मारून या."

तोळेसाहेब कॉलनीच्या मागच्या उतारावर गेले. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, बटण दाबलं आणि आवाज आला, घुर्रर. काय आवाज होता. दोन खिडक्या उघडल्या, एक पोर रडायला लागलं, तोळेसाहेबांच्या छातीत काहीतरी फुललं. ट्रक मात्र आपल्या नेहमीच्या वेगाने खाली चालला होता. आवाज वाघाचा आणि चाल गोगलगाईची असती तर काम झालं असतं. इथे आवाज वाघाचा होता आणि चालही वाघाचीच. शेवटी पाय ब्रेकवर गेला.

"इंजिन अडतंय, साहेब," परत आल्यावर गाडीखालून बूट म्हणाले. "चाकं ऐकत नाहीत."

"का ऐकत नाहीत?"

"मधे तेल आहे ना. साध्या गिअरच्या गाडीत इंजिन आणि चाकं एकमेकांना घट्ट धरून असतात. तुमची ऑटोमॅटिक. इथं इंजिन तेल ढवळतं आणि ते तेल चाकांना ढकलतं. कन्व्हर्टर म्हणतात त्याला. वेगात असताना त्याच्या आत एक लॉक पडतो, मग दोघं थेट जोडली जातात. पण पाय काढला की हा लॉक सुटतो."

"आणि आपला ब्रेक पाय काढल्यावरच लागणार."

उजवा बूट हलला.

तोळेसाहेबांना हे फार चटकन समजलं. घरातल्या दोघांनी अबोला धरावा आणि तिसऱ्याकरवी निरोप पाठवावेत, तसं आहे. इंजिन कितीही गुरगुरलं तरी चाकांपर्यंत फक्त निरोप पोचतो. त्यांनी एकदा घराच्या खिडकीकडे पाहिलं. आत काकू उद्याच्या बससाठी चार कुंड्या निवडत होत्या.

"मग उपाय?"

"लॉक बसवायचा. म्हणजे पाय काढला तरी सुटणार नाही असा. वेगळा मिळतो, मागवा. मी आठवडाभर नाही, मुलीकडे चाललोय, तिला मुलगी झालीये." एवढं बोलून बूट बाहेर आले आणि पाठमोरे निघूनही गेले.

आता जे झालं त्यात दोष कुणाचा, यावर पुढे बरीच चर्चा झाली. तोळेसाहेबांनी मेहुण्याला फोन लावला. कन्व्हर्टर हा शब्द अवघड, फोनवर नीट ऐकू जायचा नाही, असं त्यांच्या मनात आलं. म्हणून त्यांनी सोपं करून सांगितलं. "अरे, आपल्या ऑटोमॅटिक ट्रकच्या गिअरला लॉक हवाय. पाय काढला की..."

"गिअर लॉक ना? हल्ली सगळेच बसवतात, भाऊजी. पोचलं समजा."

जन्मभर ज्या माणसाने गुंजेच्या फरकासाठी काटे जप्त केले, त्याने एक शब्द सोपा केला.

पार्सल तिसऱ्या दिवशी आलं. आत बोटाएवढ्या जाडीचा, वाकवलेला, चकचकीत पोलादी दांडा, एक खोबण, दोन बोल्ट आणि सूचनांचा कागद. दांड्याचा इंजिनाशी किंवा तेलाशी काय संबंध, हे तोळेसाहेबांना कळेना. पण खात्यात असताना कळत नसलेल्या कितीतरी परिपत्रकांची त्यांनी चोख अंमलबजावणी केलेली होती. कागदावर चित्र स्पष्ट होतं. दांडा गिअरच्या दांडीला अडकवायचा, खोबण जमिनीला बसवायची. केबिनमध्ये उजेड कमी म्हणून त्यांनी ट्रक बोळात घेतला आणि उन्हात उभा केला, नेमका वकिलांच्या फाटकासमोर. पाच मिनिटांचं तर काम. शिवाय शुक्रवारच्या शंभर कुंड्या मागे भरूनच ठेवलेल्या होत्या, म्हणजे काम झालं की तसंच निघता येईल.

सूचना क्रमांक चार अशी होती: 'डोके तुटेपर्यंत आवळावे.' तोळेसाहेबांना ही छपाईची चूक वाटली. त्यांनी बेताने आवळलं, मग जोर लावून आवळलं, आणि बोल्टचं डोकं कट्कन तुटून हातात आलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांनी कागद पुन्हा वाचला आणि हळूहळू चेहऱ्यावर समाधान पसरलं. काम सूचनेबरहुकूम चाललं होतं. दुसरं डोकं त्यांनी निर्धास्तपणे तोडलं. मग दांडा खोबणीत दाबला. खट् असा आवाज झाला. गिअरची दांडी, ट्रक उभा ठेवायच्या जागेवरच, घट्ट अडकली.

सूचना क्रमांक पाच कागदाच्या मागच्या बाजूला होती: 'सुरक्षेच्या दृष्टीने चाव्या वेगळ्या टपालाने रवाना केल्या जातील.'

चोरांपासून गाडी वाचवायचा लॉक होता तो, आणि काय सुरेख होता. डोकी तुटलेले बोल्ट उघडायची सोय मुळातच ठेवलेली नव्हती. पुढच्या तीन दिवसांत कॉलनीतल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाने केबिनमध्ये डोकावून दांडा हलवून पाहिला आणि हा चोराच्या बापालाही उघडायचा नाही, असं एकमताने ठरलं. वकिलांची गाडी फाटकाच्या आत होती. पहिल्या दिवशी त्यांनी शांतपणे विचारलं, "किती वेळ?" दुसऱ्या दिवशी कोट हातावर टाकून ते पायी निघाले. तिसऱ्या दिवशी ते बसथांब्यावर काकूंच्या शेजारी उभे राहिलेले दिसले आणि संध्याकाळी बोळात येऊन त्यांनी ट्रकच्या बॉनेटवर तळहात ठेवत सांगितलं, "रस्ता अडवणे, प्रवेश अडवणे आणि उपजीविकेत व्यत्यय, अशी तीन कलमं होतात. मी लावणार नाही. पण होतात."

तोळेसाहेब मान खाली घालून ऐकत राहिले. हीच वाक्यं, हाच सूर. दुकानदारांशी आपण असेच बोलायचो काय, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला आणि त्यांना बिचाऱ्या दुकानदारांची दया आली.

सगळ्यात लागलं ते काकूंचं वागणं. सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन यायच्या, चाकावर पाय ठेवून चढायच्या आणि ट्रकमधल्या शंभर कुंड्यांना बोळातच पाणी घालायच्या. मग त्यातल्या चार उचलून बसला जायच्या. शंभर कुंड्यांना चार-चार करून किती फेऱ्या लागतील, हा हिशेब तोळेसाहेबांनी मनात सुरू केला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

चौथ्या दिवशी पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन आला. तोळेसाहेबांनी हात पुढे केला.

"ताईंच्या नावावर आहे," पोस्टमन म्हणाला. मेहुणा सगळी टपालं बहिणीच्याच नावे पाठवायचा. "त्यांचीच सही लागेल."

"ती खाली गेलीये बसने."

"मग उद्या."

"अहो, मी नवरा आहे तिचा."

"ते मला माहीत आहे, तोळेसाहेब. पण कागदाला नाही माहीत."

या उत्तराला खरं म्हणजे तोळेसाहेबांनी खात्यात असताना बक्षीस दिलं असतं.

पाचव्या दिवशी चाव्या आल्या, ट्रक हलला, वकिलांनी गाडी बाहेर काढली, पुन्हा आत लावली आणि ती निघते याची खात्री करून घेतली. मेकॅनिक आजोबा होऊन परतला. त्याने केबिनमधला दांडा पाहिला आणि त्याचे बूट बराच वेळ एका जागी स्थिर राहिले. मग त्यानेच फोन घेतला आणि मेहुण्याला कन्व्हर्टर, लॉक, पाय, तेल असं सगळं अक्षरशः ओळीने सांगितलं. पलीकडून मेहुण्याचा आवाज तोळेसाहेबांनाही ऐकू आला, "मग असं सांगायचं ना. भाऊजी गिअर लॉक म्हणाले, मी गिअर लॉक दिला." या वाक्यात गुंजेचाही फरक नव्हता. तोळेसाहेबांनी मेकॅनिकच्या हातून फोन घेऊन हळूच खाली ठेवला.

खरी वस्तू साबणाच्या वडीएवढी निघाली. तारा फुटलेली एक काळी डबी. मेकॅनिकने ती अर्ध्या दिवसात बसवली. आता सगळं झालं होतं. पण वकील फाटकातून म्हणाले, "नोंद केलीत? वाहनात फेरफार आहे हा." आणि तोळेसाहेबांसारख्या माणसाला नोंदीशिवायचा ब्रेक म्हणजे शिक्क्याशिवायचं वजन. दुसऱ्या दिवशी ते वाहन कचेरीत हजर झाले.

ब्रेकची खिडकी क्रमांक तीन. आतल्या कारकुनाने चष्म्यावरून अर्ज वाचला. "ब्रेक बसवलाय. बरं. या ब्रेकने गाडी थांबते?"

"थांबत नाही. हळू होते."

"पूर्ण थांबत नाही?"

"पूर्ण नाही."

"मग हा ब्रेक नव्हे," कारकून म्हणाला. "नियमात ब्रेकची व्याख्या आहे. जो गाडी थांबवतो तो ब्रेक. हे धुराच्या पाइपात आहे, खिडकी क्रमांक पाच."

खिडकी क्रमांक पाचमधल्या बाईंनी आकृती पाहिली. "धूर अडवता?"

"थोडा वेळ. फक्त उतारावर."

"धूर अडवायला परवानगी नसते. धूर कमी करायला असते. तुम्ही कमी करता का?"

"नाही. कोंडतो."

"कोंडण्याचा रकाना नाही. ब्रेक आहे म्हणता, तर तीनवर जा."

तीन आणि पाच यांच्यामध्ये तोळेसाहेब चार वेळा गेले. प्रत्येक वेळी त्यांना राग यायला हवा होता, आणि यायचाही, पण रागाच्या बुडाशी एक प्रकारचा आदर होता. व्याख्येत बसत नाही म्हणजे बसत नाही. बत्तीस वर्षं त्यांनीही हेच केलं होतं, फक्त खिडकीच्या दुसऱ्या बाजूला बसून. पाचव्या फेरीला तीनवरचा कारकून जरा विरघळला. बहुधा जेवायची वेळ झाली होती. त्याने एक जाड वही काढली, शेवटच्या पानावर गेला आणि बोटाने ओळ दाखवली. "इथे घेऊ शकतो. पडदे, पंखे, रंगीत दिवे व इतर शोभेच्या वस्तू. चालेल?"

तोळेसाहेबांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. एवढा पाइप कापला, एवढी झडप बसली, चार दिवस वकील पायी फिरले, आणि नोंद काय, तर शोभा. पण शिक्का खरा होता. त्यांनी वाकून तो नीट उमटलाय की नाही पाहिलं, उजवा कोपरा पुसट होता तो पुन्हा मारून घेतला आणि घरी आले.

मेकॅनिकबरोबर पहिली चाचणी झाली. त्या दिवशी तो केबिनमध्ये शेजारी बसला आणि कॉलनीने त्याचा चेहरा पाहिला. गोल, आनंदी चेहरा होता. उतारावर पाय काढला, घुर्रर झालं, गिअर आपोआप एक पायरी खाली आला, आणि ट्रक कुणीतरी मागून शर्ट धरून ठेवल्यासारखा हळू झाला. मेकॅनिकने आपला उजवा बूट हलवला.

मंगळवारी सकाळी तोळेसाहेबांनी शंभर कुंड्या भरल्या, शेजारची गादी झटकली आणि दार उघडून उभे राहिले. काकू पिशवी घेऊन आल्या. बसथांब्याच्या दिशेने एकदा पाहिलं, ट्रककडे एकदा, आणि चढून बसल्या. तोळेसाहेबांनी दार लावून घेतलं आणि पुढून वळसा घालून आपल्या जागी येईपर्यंत त्यांना दोन वेळा घाम पुसावा लागला. आज जमलं तर ही जागा भरणार, नाहीतर उरलेला जन्म कुंड्यांशी बोलण्यात जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

घाट लागला. त्यांनी पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि ब्रेकपासून चांगला वीतभर लांब, काकूंना दिसेल असा, जमिनीवर सपाट ठेवला. घुर्रर. वेगाचा काटा विसावर आला आणि तिथेच राहिला. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्यावर त्यांनी काकूंकडे चोरून पाहिलं. त्या समोर बघत होत्या. चौथ्या वळणावर धीर आला आणि सवयीने तोंड सुटलं.

"तुला सांगतो, ती कोळशाची वखार होती ना, तिथला काटा. वजन ठेवलं की बरोबर दाखवायचा. मी तीनदा तपासला, तीनदा बरोबर. पण वखारवाला माझ्याकडे न बघता सारखा छपराकडे बघायचा. म्हटलं, हा छपराकडे का बघतो?"

"मग?" काकू म्हणाल्या.

पाचवं वळण गेलं, सहावं गेलं. सातव्या वळणावर तोळेसाहेब वखारीच्या छपरावर चढत होते. आठव्यावर त्यांना तिथे एक दोरी सापडली. चाकांचे ब्रेक थंड होते, काच उघडी होती आणि बाहेर ओल्या मातीशिवाय कसला वास नव्हता. मागून बस आली, पण आज तिला पुढे जायला जागा मिळाली नाही, कारण तोळेसाहेब रस्त्याच्या मधोमध, अगदी मनासारखे चालले होते. घाट संपला. सपाटी आली. समोर बाजाराचं फाटक दिसू लागलं.

आणि फाटकाच्या तोंडाशी एक हातगाडी आडवी होती.

हळू करणं निराळं आणि थांबवणं निराळं, हे खिडकी क्रमांक तीनवर त्यांना रीतसर सांगण्यात आलं होतं. इतक्या कमी वेगात झडपेत जोर उरला नव्हता. ट्रक संथपणे, सावकाश, पण हातगाडीकडेच चालला होता. "ती दोरी खाली कुठे जाते म्हणून मी बघतो तर," असं म्हणत तोळेसाहेबांनी पाय उचलला, ब्रेकवर ठेवला, आणि ट्रक हातगाडीच्या दोन हात अलीकडे थांबला.

मग त्यांना कळलं की आपण काय केलं. काकूंचं लक्ष नसावं, असं म्हणून गप्प बसता आलं असतं. पण ज्याने जन्मभर दुसऱ्यांची मापं पकडली त्याला हे जमणं शक्य नव्हतं.

"लागला," ते म्हणाले.

"काय?"

"पाय. ब्रेकला लागला. शेवटच्या पाच-सहा हातांवर. तुझी अट वरून खालपर्यंत अशी होती." त्यांचा आवाज बारीक झाला. "मोडली ती."

काकूंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "मी पायाकडे बघतच नव्हते," त्या म्हणाल्या.

"मग कशाकडे बघत होतीस?"

"कशाकडेच नाही. ऐकत होते. त्या दिवशी वास सुटला त्याचं काही नाही, तो नेहमीचाच. पण सातव्या वळणावर तुम्ही बोलता बोलता गप्प झालात. चौतीस वर्षांत वाक्य अर्धं टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हटलं, हा माणूस घाबरलाय. आता यात बसायचं नाही."

तोळेसाहेब काकूंकडे वळले. "मग ती पायाची अट कशाला घातलीस?"

"'तुम्ही गप्प बसलात म्हणून भीती वाटली' असं सांगितलं असतं, तर त्यावर तुम्ही खालपर्यंत बोलला असतात आणि ट्रक तसाच राहिला असता." काकूंनी पदराने कपाळ पुसलं. "आज पाय ब्रेकवर गेला तरी तुमचं वाक्य चालूच होतं. मला तेवढं पुरे."

हातगाडीवाल्याने गाडी सरळ करून फाटक मोकळं केलं. मागे बसने हॉर्न दिला. तोळेसाहेबांचं लक्ष अजून काकूंकडेच होतं, आणि केबिनमध्ये पुन्हा शांतता पसरू लागली. काकूंनी ती फार वेळ पसरू दिली नाही.

"चला आता," त्या म्हणाल्या. "आणि ती दोरी कुठे जात होती?"

वखारीची ही गोष्ट काकूंनी याआधी निदान वीस वेळा ऐकली होती. तोळेसाहेबांनी एकदा खाकरून घसा मोकळा केला, ट्रक फाटकातून आत घेतला आणि दोरीपासून पुढे सांगायला लागले.